पोटातलं ओठावर

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात चँडलर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमचा नंबर गाण्यांनंतर आणि जेवणाच्या आधी लागला आहे. विषय आहे रक्ताचा कॅन्सर आणि आतडं. जेवणाआधी आतड्यावर बोलणारी माणसं पुढच्या वर्षी बोलावली जात नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. तरी समितीने वीस मिनिटं दिली, त्याबद्दल आभार. आम्ही दोघंही डॉक्टर नाही. एक जण चिपच्या कारखान्यात इंजिनियर, दुसरी शाळेत शिकवते. बोलणार आहोत ते आमच्या घरातलं. ज्यांच्याविषयी बोलणार आहोत ते बाबा तिसऱ्या रांगेत बसलेत. एकाचे वडील, दुसरीचे सासरे. पण इतकी वर्षं एका छताखाली राहिल्यावर तो फरक उरलेला नाही. परवानगी त्यांनीच दिली आहे, एका अटीवर. ती अट शेवटी सांगतो.

सुरुवात सिनेमापासून करूया. 'आनंद' न पाहिलेलं कुणी इथे असेल असं वाटत नाही. १९७१ सालचा हृषीकेश मुखर्जींचा चित्रपट. राजेश खन्नाला कुठला आजार असतो? आपल्या पिढीतल्या कित्येकांना एकच अवघड इंग्रजी आजार तोंडपाठ आहे, तो म्हणजे 'लिम्फोसार्कोमा ऑफ द इंटेस्टाईन'. ज्या डॉक्टर मित्राकडे तो येतो ते डॉ. प्रकाश कुलकर्णी म्हणजे आपले रमेश देव, आणि त्यांची बायको सीमाताई. म्हणजे आनंदचा आजार मुंबईच्या एका मराठी डॉक्टरच्या घरी येतो. त्या आजाराचा अर्थ काय, हे मात्र आपण कधी विचारलं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या जातीचा कॅन्सर, आणि तो आतड्यात. रक्ताचं दुखणं पोटात कसं जातं, हा प्रश्न थिएटरमध्ये रडताना कुणाला पडला नाही. आम्हाला तो २०२२ साली पडला, तेही खूप उशिरा.

त्याआधी थोडं मागे जावं लागेल.

बाबा रत्नागिरी जिल्हा परिषदेत हिशेब खात्यात होते. एकतीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी ऑडिटला तोंड देण्यात. निवृत्तीनंतर पुण्याला फ्लॅट घेतला. २०१६ साली मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी सत्तावीस हजार निघाल्या. निरोगी माणसात त्या साधारण चार ते अकरा हजार असतात. पुढच्या तपासण्यांनंतर पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला फोनवर सांगितलं, की हा क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल. हा सावकाश चालणारा रक्ताचा कॅन्सर आहे, म्हातारपणी होतो. लगेच औषधाची गरज नसते, फक्त दर सहा महिन्यांनी रक्त तपासत राहायचं. काही जणांना आयुष्यभर औषध लागत नाही.

इथे आम्ही पहिली चूक केली. 'कॅन्सर' हा शब्द बाबांना सांगायचा नाही असं ठरवलं. आई नुकतीच गेली होती. म्हटलं, औषधच नाही तर कशाला घोर लावायचा? "पांढऱ्या पेशी जरा वाढल्यात बाबा, वयामुळे होतं." बाबांनी मान हलवली. आपल्याकडे असं करणं वाईट समजत नाहीत, उलट ते प्रेमाचं लक्षण मानतात. तुमच्यापैकी किती जणांच्या घरात कुठला ना कुठला रिपोर्ट कपाटात साड्यांच्या खाली आहे, हात वर करायला सांगत नाही.

पुढे बाबा इकडे आले. आधी हिवाळ्यापुरते, आणि कोविडनंतर कायमचे. पहाटे टम्बलवीड पार्कात फेऱ्या, दुपारी डाउनटाउनच्या लायब्ररीत पेपर, रात्री रत्नागिरीच्या मित्रांना फोन. ॲरिझोना घड्याळ बदलत नाही. त्यामुळे इथून भारत बारा महिने साडेबारा तास पुढे, हा हिशेब बाबांना फार आवडतो. कुठेतरी एक आकडा तरी वर्षभर तोच राहतो, म्हणतात. इथल्या फॅमिली डॉक्टरांना आम्ही आजार सांगितला होता. पण दवाखान्यात डॉक्टर इंग्रजीत बोलायचे, ते आम्ही बाबांना मराठीत सांगायचो, आणि सांगताना निम्मं गाळायचो. बाबांना इंग्रजी वाचता उत्तम येतं, पण इथले उच्चार कानाला लागत नाहीत. त्याचा आम्ही फायदा घेतला.

२०२१ च्या दिवाळीनंतर बाबांचं पोट बिघडलं. दिवसातून चार-पाच वेळा जावं लागायचं, कधी रक्त पडायचं. ते त्यांनी आम्हाला दोन महिने सांगितलंच नाही. मुलगा कामावर, आणि शौचाचं सुनेला काय सांगायचं! मूळव्याध असेल असं स्वतःच ठरवून टाकलं. इसबगोल झालं, कुटजघनवटी झाली, डाळिंबाची साल उकळून झाली. आम्हाला वाटायचं, बाबा हल्ली मऊ भात-ताकच का मागतात? म्हणजे बघा, आमच्या एका घरात दोन गुपितं सुखाने नांदत होती. आम्ही त्यांचं रक्त त्यांच्यापासून लपवत होतो, आणि ते त्यांचं पोट आमच्यापासून.

शेवटी बाथरूममध्ये त्यांना चक्कर आली तेव्हा सगळं बाहेर आलं. फॅमिली डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली.

ज्यांची ही तपासणी झालेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत आता पंचेचाळीस वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला मोठ्या आतड्याची तपासणी करून घ्यायला सांगतात, २०२१ पासून पन्नासचं वय पंचेचाळीसवर आलं. तेव्हा आज ना उद्या तुमचाही नंबर आहे. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. करंगळीएवढ्या जाडीची, टोकाला कॅमेरा असलेली नळी खालून आत घालतात आणि लहान आतडं जिथे जोडलं जातं तिथपर्यंत नेतात. तुम्हाला झोपेचं औषध दिलेलं असतं, त्यामुळे काही कळत नाही. त्रास असतो तो आदल्या दिवशी. पोट धुऊन काढणाऱ्या औषधाचा जार, चवीला समुद्राचं पाणी. निम्मं रात्री, निम्मं पहाटे उठून. खायला काही नाही, फक्त पारदर्शक पातळ पदार्थ. ताक चालत नाही. बाबा म्हणाले, मग अमसुलाचं सरबत करा. तेही नाही! लाल रंगाचं काही पोटात गेलं तर आत कॅमेऱ्याला ते रक्तासारखं दिसतं. कोकणातल्या माणसाला कोकम बंद म्हणजे काय, ते तुम्ही समजू शकता. शेवटी गाळलेलं लिंबू सरबत आणि नारळपाणी यावर निभावलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी त्या केंद्रात गेलो. तिथे एका पाटीला लावलेला चार पानी फॉर्म दिला. नाव, वय, औषधं, ॲलर्जी. मग आजारांची यादी आणि प्रत्येकापुढे दोन रकाने, 'हो' आणि 'नाही'. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार. पुढची ओळ होती रक्ताचे विकार, आणि त्याखाली कॅन्सर.

बाबा शेजारीच बसले होते. चष्मा लावून, आमच्या खांद्यावरून वाचत.

आम्ही दोन्ही ओळींपुढे 'नाही'वर खूण केली.

तेव्हा मनात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. वाटलं, तपासणी पोटाची आहे, रक्ताचा इथे काय संबंध? आणि फॅमिली डॉक्टरांना माहीत आहेच की. पण त्यांच्या चिठ्ठीवर कारणाची एकच ओळ होती, रक्त पडतंय म्हणून. ते केंद्र वेगळं, त्यांचा कॉम्प्युटर वेगळा. तिथल्या लोकांपुढे बाबांविषयी जे काही होतं, ते आम्ही भरलेल्या त्या चार पानांवर होतं.

तपासणीनंतर डॉक्टरांनी रंगीत फोटोंचा कागद दिला. आठ फोटो. बाबांच्या आतड्याचे फोटो आधी बघवेनात, मग बघतच बसलो. निरोगी आतड्याचं अस्तर गुलाबी, ओलसर, चकचकीत असतं, आणि त्याखाली बारीक रक्तवाहिन्यांची जाळी दिसते. बाबांच्या पाच फोटोंत तसंच होतं. दोन फोटोंत लालसर सूज. आणि एका फोटोत, लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ, साबुदाण्यासारखे फिकट उंचवटे, आठ-दहा. डॉक्टर म्हणाले, तिथे असे दाणे निरोगी माणसातही दिसतात. तरी त्यांनी उंचवट्यांचे, सुजलेल्या जागेचे आणि चांगल्या दिसणाऱ्या जागेचेही तुकडे घेतले होते. त्याला बायोप्सी म्हणतात. तांदळाच्या कणीएवढे तुकडे असतात, आणि काढताना दुखत नाही.

आठवड्याने रिपोर्ट आला. आतड्याचा कॅन्सर नाही. जुनाट सूज, लिम्फोसाइट पेशींचे पुंजके. आम्ही त्याच दिवशी पेढे आणले. सूज उतरवणारी औषधं सुरू झाली, आणि चार महिने आम्ही सुजेवर उपचार करत राहिलो. मे महिना उजाडेपर्यंत बाबा एकसष्ट किलोंवरून चोपन्नवर आले. टम्बलवीड पार्क बंद झालं. सकाळी उठून ते गॅलरीच्या खुर्चीपर्यंत येत आणि तिथेच बसत.

जून महिन्यात फॅमिली डॉक्टरांनी तो रिपोर्ट पुन्हा वाचला आणि आम्हाला एकच प्रश्न विचारला. "ज्यांनी हे तुकडे मायक्रोस्कोपखाली पाहिले, त्यांना सीएलएल माहीत होतं ना?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

मंडळी, आता रक्ताचं दुखणं पोटात कसं जातं ते सांगतो. यातलं काही आम्ही मनाने सांगत नाही, बाबांच्या डॉक्टरांकडून समजून घेतलं आहे. ल्युकेमिया हे नाव १८४७ साली जर्मनीतल्या विर्खो यांनी दिलं. ग्रीक शब्दांवरून त्याचा अर्थ 'पांढरं रक्त'. हाडाच्या आतल्या मज्जेत रक्तपेशी तयार होतात. तिथे पांढऱ्या पेशींची एखादी जात बेसुमार वाढायला लागते आणि रक्तात उतरते. रक्त सगळीकडे जातं, मग त्या पेशीही सगळीकडे जातात. त्यातून आतडं म्हणजे पांढऱ्या पेशींचं माहेरच. बाहेरचं अन्न, पाणी, जंतू सगळं तिथून जातं, म्हणून शरीराने तिथे पहाऱ्याची मोठी फौज ठेवलेली असते. लहान आतड्याच्या शेवटी तर त्यांच्या चौक्याच आहेत. बिघडलेल्या पेशींनी तिथे मुक्काम केला तर नवल नाही. सीएलएलमध्ये आतड्याचा त्रास होण्याइतका मुक्काम क्वचित होतो, पण होतो.

आणि तो दिसतो कसा? इथेच खरी गोम आहे. ठरावीक असं त्याचं रूप नाही. कधी बाबांसारखे बारीक दाणे. कधी पॉलिपसारखी गाठ. कधी आतड्याच्या वळ्या जाडसर दिसतात, कधी व्रण दिसतात, कधी नुसती लाली. कधी अस्तर अगदी चांगलं दिसतं आणि पेशी खाली दडलेल्या असतात. म्हणूनच शहाणे डॉक्टर चांगल्या दिसणाऱ्या जागेचाही तुकडा घेतात. व्रण म्हणावा तर टीबीतही असतात, क्रोन्स नावाच्या आतड्याच्या आजारातही असतात. जगातला सगळ्यात चांगला कॅमेरा आणि सगळ्यात अनुभवी डोळा, दोघांनाही नुसतं बघून सांगता येत नाही. कॅमेऱ्याचं काम संशयाची जागा दाखवण्यापर्यंत. पुढे तुकडा बोलतो.

पण तुकडाही आपणहून सगळं बोलत नाही, हे आम्ही शिकलो. सीएलएलच्या पेशी मायक्रोस्कोपखाली साध्या, लहान, गोल लिम्फोसाइट दिसतात. वेड्यावाकड्या, राक्षसी वगैरे नाहीत. सुजेत येणाऱ्या पेशीही तशाच दिसतात. फरक कळायला त्यांच्यावर वेगळे रंग चढवावे लागतात, त्यांना सीडी-५, सीडी-२०, सीडी-२३ अशी नावं आहेत. एकाच पेशीवर हे तिन्ही उमटले तर सीएलएलचा दाट संशय. पण हे रंग प्रत्येक तुकड्यावर चढवत नाहीत. काय शोधायचं हे माहीत असेल तरच चढवतात. आणि ते माहीत व्हायला कागदावर एक खूण लागते. त्या खुणेच्या जागी आमचं 'नाही' होतं.

बाबांची पुन्हा कोलोनोस्कोपी करावी लागली नाही. तेच तुकडे मेणाच्या वडीत बंद करून लॅबमध्ये जपून ठेवलेले होते. त्यांचेच नवे काप काढले, रंग चढवले, आणि पाच दिवसांत उत्तर आलं. सीएलएल. आतड्यात. फेब्रुवारीपासून ते उत्तर त्या काचेवर होतं. आम्ही विचारू दिलं नव्हतं.

लपवाछपवीचा आणखी एक धोका आम्हाला नंतर कळला. रक्ताच्या कॅन्सरमध्ये प्लेटलेट कमी असू शकतात, आणि त्या फार कमी असताना तुकडा काढला तर रक्त थांबत नाही. बायोप्सीआधी त्या साधारण पन्नास हजारांवर असाव्यात असं डॉक्टर बघतात. बाबांच्या तेव्हा पुरेशा होत्या. यात आमचं शहाणपण काही नव्हतं, नशीब होतं.

सीएलएल सोडून दुसरे ल्युकेमियाही पोटाला त्रास देतात, तेही सांगायला हवं. कारण ऐकणाऱ्यांत कुणाच्या घरी लहान मूल असेल, तरुण भाऊ असेल. केमोथेरपी चालू असताना पांढऱ्या पेशी अगदी तळाला जातात. तेव्हा ताप आणि पोटात उजवीकडे खाली दुखणं सुरू झालं तर ते ॲपेंडिक्स किंवा गॅस समजून घरी बसू नका. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीला गंभीर सूज आलेली असू शकते. त्या वेळी कोलोनोस्कोपी टाळतात, कारण आतडं इतकं नाजूक झालेलं असतं की फाटू शकतं. तिथे स्कॅनवर काम चालवतात. बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर आणखी वेगळं. दुसऱ्याने दिलेल्या पेशी नव्या घरात परक्यासारख्या वागतात आणि त्वचा, यकृत, आतडं यांच्यावर हल्ला करतात. त्याचेही जुलाब, त्याचीही लाली, त्याचेही व्रण. शिवाय दबलेल्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेणारे विषाणू आहेत, आणि ल्युकेमियाच्या काही औषधांनीच आतडं सुजतं. कारणं इतकी निराळी, आणि कॅमेऱ्यात दिसायला एकमेकांची भावंडं. पण प्रत्येकाचं औषध वेगळं! एकाला जे तारतं ते दुसऱ्याला मारू शकतं. म्हणून आधी झालेलं सगळं सांगायचं. दाताच्या डॉक्टरलासुद्धा.

आता राहिलं बाबांना सांगणं. या वेळी कॅन्सरच्या डॉक्टरांनी आम्हाला भाषांतर करू दिलं नाही. फोनवर मराठी दुभाषी लावला. अमेरिकेत ती सोय मागता येते, हे आमच्यासारख्या इतरांनाही माहीत असू द्या. दुभाष्याने शांतपणे, नागपुरी मराठीत, बाबांना सगळं सांगितलं. बाबा ऐकत होते. आम्ही खाली फरशीकडे बघत होतो. सगळं संपल्यावर बाबांनी विचारलं, "हे कधीपासून आहे?" दुभाषी म्हणाला, २०१६. बाबा आमच्याकडे वळले. वाटलं, आता आजाराविषयी बोलतील. ते म्हणाले, "आणि त्या फॉर्मवर काय लिहिलंत?"

घरी येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. रात्री जेवताना म्हणाले, "ऑडिटमध्ये चूक निघाली तर दुरुस्त करता येते. दडवलेली नोंद दुरुस्त करता येत नाही. ती सापडेपर्यंत सगळा ताळेबंद खोटाच असतो." मग उठले, खोलीतून एक वही आणली आणि टेबलावर ठेवली. नोव्हेंबरपासूनच्या तारखा. किती वेळा गेले, किती वाजता, रक्त किती, त्या दिवशी काय खाल्लं. रकाने पाडून, लाल पेनने. "माझीही नोंद दडवलेलीच होती," म्हणाले. "आता दोन्ही वह्या एकत्र करा." डॉक्टरांनी ती वही पाहिली, तारखांवरून बरंच जुळवलं, आणि तिची फोटोकॉपी काढून फाइलला लावली.

जुलैपासून बाबांना सीएलएलच्या गोळ्या सुरू झाल्या. या जातीची पहिली गोळी अमेरिकेत सीएलएलसाठी २०१४ साली मंजूर झाली. बिघडलेल्या पेशींना जगण्यासाठी लागणारा आतला संदेशच ती तोडते. सलाईन नाही, केस जाणं नाही. मात्र तिने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून पहिले काही आठवडे डॉक्टर फार जपून होते. दोन महिन्यांत पोट आवरलं. दसऱ्याला बाबांनी पुरणपोळी मागितली. एकच, पण मागितली. वजन पुन्हा साठला टेकलं. आजार मुळापासून गेलेला नाही, ताब्यात आहे. टम्बलवीड पार्कातल्या फेऱ्या चालू आहेत, मागच्या बाकावरच्या मंडळींनी त्यांना तिथे पाहिलं असेल.

आता पुन्हा 'आनंद'कडे. १९७१ साली मुंबईत आनंदच्या पोटात डोकावून बघायचं साधनच जवळपास नव्हतं. कोलोनोस्कोपमधून पॉलिप कापून काढण्याचं काम न्यूयॉर्कच्या वुल्फ आणि शिन्या या डॉक्टरांनी १९६९ साली सुरू केलं होतं, म्हणजे सिनेमाच्या जेमतेम दोन वर्षं आधी. लिम्फोसार्कोमा हे नावही आता मागे पडलं, आज त्या कुळातल्या आजारांना लिम्फोमा म्हणतात, आणि त्यातले कितीतरी पूर्ण बरे होतात. पण आनंदची एक गोष्ट आमच्यापेक्षा बरी होती. त्याचा आजार त्याला स्वतःला माहीत होता. रडत होते ते भोवतालचे. आमच्या घरात आम्ही उलटं केलं, आणि त्याची किंमत बाबांनी सात किलो वजनाने मोजली.

हे सगळं निधीच्या कार्यक्रमात का सांगितलं? बाबांना विमा होता, घर होतं, गाडीतून नेणारी दोन माणसं होती. त्यांचा अडथळा आम्हीच होतो. ज्यांच्याकडे यातलं काही नाही, त्यांच्यासाठी आजची पेटी फिरणार आहे. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. भारतातला पहिला बोन मॅरो ट्रान्सप्लांट तिथे मार्च १९८३ मध्ये झाला. ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. तो करणारे डॉ. सुरेश अडवाणी लहानपणी पोलिओ झाल्यामुळे व्हीलचेअरवरून काम करत. आज विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून माणसं तिथे येतात. तुकडा काढला की रिपोर्टला दिवस लागतात, आणखी रंग चढवायचे तर आणखी दिवस. डॉक्टर म्हणतात, थांबा. पण थांबायचं कुठे? मुंबईत खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून कित्येक जण परळच्या फुटपाथवर पथारी टाकतात, आणि काही जण रिपोर्ट न घेताच गावी परततात. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. अशा ठिकाणांमुळे कितीतरी माणसं उपचार अर्धवट सोडत नाहीत. रुग्ण आणि सोबतच्या माणसाचा रिपोर्ट येईपर्यंतचा मुक्काम आणि दोन वेळचं जेवण, याच कामासाठी आजचा निधी आहे. आम्ही पाच दिवस थांबलो ते आपल्या घरी, एसीत. त्यातला एक दिवस कुणाला देता आला तर द्या.

पैशाखेरीज आणखी एक देणं आहे, ते तरुणांसाठी. ट्रान्सप्लांटला सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक. नाही जुळली तर नोंदणी यादीतून परका दाता शोधतात. अमेरिकेच्या यादीत गोऱ्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७९ टक्के, आशियाई रुग्णाला ४७. जुळणी जितकी चांगली, तितका पुढे आतड्यावरचा तो हल्ला टळण्याची शक्यता जास्त. २००७ साली कॅलिफोर्नियात समीर भाटिया आणि विनय चक्रवर्ती या दोन तरुणांसाठी मित्रांनी धडाका लावून काही आठवड्यांत चोवीस हजारांहून अधिक दक्षिण आशियाई लोकांची नोंद केली. दोघंही २००८ साली गेले. ती नावं यादीत राहिली, दुसऱ्या कुणासाठी. मागच्या टेबलावर नोंदणीची माहिती ठेवली आहे. गालाच्या आतून कापूस फिरवायचा, एवढंच.

आणि आता बाबांची अट. ते म्हणाले, "भाषण काय हवं ते करा. पण प्रत्येकाच्या हातात एक कागद द्या, आणि जेवणाआधी भरून घ्या. जेवल्यावर कुणी भरत नाही." तो कागद तुमच्या खुर्चीवर आहे. बाबांनी स्वतः आखलेला. नाव, आजार, कधीपासून, औषधं, ऑपरेशनं, रक्ताच्या शेवटच्या तपासणीचे आकडे, डॉक्टरांचा फोन. तो कुणाला द्यायचा नाही, पाकिटात ठेवायचा. आईवडील इथे असतील तर त्यांचा त्यांच्या समोर भरा, त्यांना विचारून. भारतात असतील तर आज रात्री फोन लावा, तिकडे सकाळ असेल. त्यांना विचारा, पोट कसं आहे? लाजू नका, त्यांनाही लाजू देऊ नका.

पोटात एक आणि ओठात एक असलं की माणूस वाईट, असं आपण लहानपणापासून ऐकलं. आमच्या घरी सगळी माणसं चांगली होती, तरी पोटातलं ओठावर यायला चार महिने लागले.

पेनं कार्यकर्त्यांकडे आहेत. बाबा रांगेच्या टोकाला उभे राहून कागद तपासणार आहेत. एकही रकाना रिकामा सोडू नका, नाहीतर तुम्हाला श्रीखंड मिळणार नाही, असं त्यांनी समितीला बजावलं आहे.